सेव्हन आयर्न टोकाशीच का झिजलं?

३ मार्च, सकाळी १०.४०
वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. गोल्फच्या दुकानातला, गिऱ्हाइकाला काठ्या जोखून देणारा फिटर, नणंदेच्या देखत, मला म्हणाला की मॅडम, फोर्ज्ड आयर्न, म्हणजे घडवलेल्या पोलादी तोंडाच्या काठ्या, तुमच्यासाठी नाहीत, साच्यात ओतलेली कास्ट घ्या, ती चुकलेला फटकाही माफ करतात. मी तीस वर्षं हॉस्पिटलची मेट्रन होते. माफी मागायला लोक माझ्याकडे येत. फोर्ज्डच घेतली. तापवून, ठोकून घडवलेलं मऊ पोलाद. नणंदेने माफीवाली घेतली. शोभतात तिला.
क्लबच्या महिला संघात चौथी जागा रिकामी आहे. ती माझी.

५ मार्च
बॅगेत आयर्नं एकमेकांवर आपटतात, पोचे पडतात. प्रत्येकाला मिस्टरांचा एकेक मोजा चढवला. मिस्टर म्हणाले, मग मी काय घालू? म्हटलं, चपला.

१९ मार्च
नियम: ओलं फडकं, कोरडं फडकं, तेलाचा एक थेंब. दर फटक्यानंतर. मागून खेळणारे ओरडले, बाई, ऑपरेशन आटोपलं का? ऑपरेशनची कोणी घाई करतं का? शंभर चेंडू मारले. एकही सरळ गेला नाही. वारा होता.

२ एप्रिल
आजही वारा. पान हलत नव्हतं, तरी.

२० एप्रिल, दुपार
बसवत नाही. जेवताना दोनदा उठून बॅग पाहून आले. नाइन आयर्नवर गंज दिसला. पुसल्यावर कळलं, चहा होता. नणंद तिची आयर्नं ओलीच डिकीत टाकते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी तिला बाकावर उभं केलं असतं. तिचे चेंडू सरळ जातात. नशीब.

१२ मे
भयंकर शोध! सेव्हन आयर्नच्या तोंडावर, अगदी टोकाशी, नाण्याएवढा झिजलेला डाग. मधोमध मात्र आरसा. टोकाचं पोलाद कच्चं आहे, उघड आहे.

१३ मे, सकाळी ११
पुराव्यासह दुकानात. फिटर म्हणाला, मॅडम, चेंडू जिथे लागतो तिथे पोलाद झिजतं. म्हणजे मी चुकते? तो म्हणाला, मी नाही म्हणत, आयर्न म्हणतंय. उद्धट! मग त्याने माझ्याच आयर्नच्या तोंडावर चेंडूची खूण उमटणारा स्टिकर चिकटवून, सोबत आलेल्या नणंदेला दुकानातल्या जाळीत मारायला लावलं. तीन फटके, तिन्ही खुणा मधोमध, एकीवर एक. वर ती म्हणते, अगंबाई वहिनी, लोण्यासारखं लागतंय हो! नेमक्या तेव्हाच महिला संघाच्या कॅप्टनबाई ग्लोव्ह घ्यायला आल्या होत्या. दाराशीच थांबून तिचे फटके बघत राहिल्या. मी स्टिकर काढून फाडला.

१ जून, संध्याकाळी ५.१५
यादी लागली. चौथी जागा नणंदेला. माझं सेव्हन आयर्नही सामन्यापुरतं तिलाच हवंय. दिलं. कॅप्टनबाई म्हणाल्या, तुमच्याइतकी आयर्नची निगा कोणी राखत नाही. संघाची सगळी आयर्नं पुसायची जबाबदारी माझ्यावर आहे. कोणालाही देत नाहीत म्हणे.
फिटरला पत्र, कच्चा मसुदा:
महोदय, आपण विकलेलं सेव्हन आयर्न माझ्या हातात टोकाशी झिजतं आणि नणंदेच्या हातात शहाण्यासारखं वागतं, याचा लेखी खुलासा करावा. सहा तारखेला सामना आहे. पहाटेपासून पुसायला बसायचं असल्याने मला सवड नसेल. सबब उत्तर ५ जून, संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. तोंडी चालणार नाही.