माडीवरच्या खिडकीत

४ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचा! सामान उतरवतो न उतरवतो तोच एक गृहस्थ शेळी घेऊन हजर. जनावरांचा नवा डॉक्टर येतोय ही बातमी माझ्या आधीच गावात पोहोचली होती. शेळीने मालकाचा मोजा गिळला होता. मालकाला चिंता शेळीची नव्हे, मोज्याची.

खोली झकास मिळाली. दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, माडीवर. रस्त्याकडे मोठी खिडकी, तिला ऐसपैस बसता येईल असा कट्टा. खाली घरमालकीण मावशी एकट्याच राहतात. साठीच्या पुढच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. जिना चढता चढताच सांगून मोकळ्या झाल्या की मुलगा शहरात नोकरीला असतो आणि सून दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. मी विचारलंही नव्हतं. चहा मात्र असा करतात की माणसाने उठूच नये.

गाव इतकं शांत, की आपल्याच चपलांचा आवाज ऐकून मागे वळून बघावं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

बैलाच्या खुराला मलम लावता लावता गावाची बित्तंबातमी कळते. वर्षभरात दोन धडधाकट माणसं अचानक आकडी येऊन गेली. आधी टपालवाला, मग विजेच्या खांबांवर काम करणारा वायरमन. दोघांनाही जन्मात कधी आकडी आली नव्हती. हवालदारसाहेबांनी हात झटकले. म्हणाले, आयुष्याची दोरीच तुटली, तिला पोलीस काय गाठ मारणार?

माझ्या अंगातला गुप्तहेर जागा झाला. शाळेत असल्यापासून रहस्यकथांची पारायणं केली, ती काय नुसती शेळ्यांची पोटं दाबायला? मावशींना सांगितलं तर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, करा हो तपास, पण जेवण गार करू नका.

९ नोव्हेंबर, शनिवार

टपालवाल्याची बायको कपडे शिवते. शर्टाचं बटण तोडून घेतलं आणि तिच्याकडे गेलो. बटण लावून झालं, ती मशीनवर बसली. मशीन चालवता चालवता आपणहून बोलायला लागली. नवऱ्याची मान मागे ओढली गेली होती, पाठ धनुष्यासारखी ताणली होती, दातखीळ बसली होती, आणि चेहऱ्यावर हसू. शेवटपर्यंत शुद्धीत होते हो, एवढं म्हणाली आणि मशीनवरचा तिचा पाय थांबला.

भटक्या कुत्र्यांना कुणी विष घातलं की ती अशीच मरतात. ते हसू मी खूप वेळा पाहिलंय. वायरमनच्या भावाला गाठलं, त्यानेही हेच सांगितलं.

ही आकडी नव्हे. कुणीतरी माणसं मारतंय.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज जरा गंमत झाली. दूधवाला विचारत होता, वहिनींना कधी आणलंत? म्हटलं, बाबा रे, वहिनीचा अजून पत्ताच नाही. तो शपथेवर सांगायला लागला, की काल संध्याकाळी माझ्या खिडकीत एक बाई उभी होती, ओले केस पुढे घेतलेली. काल संध्याकाळी मी एका अडलेल्या म्हशीपाशी होतो आणि खोलीला कुलूप होतं. पडदा हलला असेल. त्याने ओट्यावर चहा पीत मावशींनाही तीच कहाणी तिखटमीठ लावून ऐकवली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दूधवाला गेला. सकाळचा रतीब घालून घरी पोहोचला आणि कोसळला.

मला बोलावणं आलं, कारण माणसांचा डॉक्टर इथे नाही. मी पोहोचलो तेव्हा तो जिवंत होता. भांडं खणकन पडलं तर त्या आवाजानेसुद्धा अंग ताठ होत होतं. त्याचे डोळे माझ्यावर होते. मी हात धरून बसलो, दुसरं काही करता आलं नाही.

हवालदारांना विष म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही म्हशींचं बघा.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. पुन्हा शिवणवाल्या वहिनींकडे गेलो. सरळ विचारलं, भाऊंनी जाण्याआधी खिडकीत कुणाला पाहिलं होतं का? हातातलं शिवण बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, हो. मावशींची सून परत आली, माडीवर उभी होती, असं ते हसत हसत घरी सांगत होते. वायरमनचं तर कामच समोरच्या खांबावर. त्याच्या भावाला पुन्हा गाठलं, तर त्यालाही तो सांगून गेला होता, बाई ओलेती होती म्हणून आपण मान फिरवली.

तिघांनी तिला पाहिलं, आणि तिघेही गेले.

वहिनी आणखी एक बोलल्या. सून गेली त्याच महिन्यात मावशींच्या परसातली विहीर बुजवली. पाणी नासलं म्हणून.

म्हणजे सून कुठेही गेलेली नाही. माझा संशय मुलावर आहे. चोरून येत-जात असणार. उद्या संध्याकाळी तालुक्याला जाऊन वरच्या साहेबांना भेटतो. मावशींना कसं सांगू? आईचं काळीज ते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

पाहिली.

जेवून वर आलो, कुलूप काढलं. कट्ट्यावर बसली होती. भर उन्हात. केसांतून पाणी गळत होतं. माझ्याकडे बघितलंच नाही. मान खाली घालून फरशीकडे बघत होती, खालच्या घराकडे. सासूची हाक येईल म्हणून कान देऊन बसावं, तशी.

मी कसा धावलो मला माहीत नाही. जिन्यावरून पडलो, गुडघा फुटला. मावशी, तुमची सून— एवढंच बोललो. त्यांनी मला बसवलं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, घाबरलात हो, बसा, चहा टाकते.

गोड होता. फार गोड. त्याच्या आड कडू. अर्धा प्यायलो. वर आलो तर कट्टा रिकामा.

नंतर

मूर्ख. मी मूर्ख.

तिघांनी तिला पाहिलं, पण पाहिल्यामुळे नाही मेले— पाहून सांगितलं म्हणून. आणि सांगायला कुणाकडे जाणार? सून दिसली तर माणूस सासूलाच सांगणार—

मुलगा नाही. मुलगा कधी आलाच नाही—

मीठपाणी प्यायलो. ओकलो. पण जबडा—

कडी लावलीय. खिडकीतून ओरडावं म्हटलं, तोंड उघडत नाही. पाय लाकडासारखे. पेन मुठीत धरून—

ती कोपऱ्यात उभी आहे. तिच्या पायांशी पाणी. मी हात जोडले. डोळ्यांनी सांगितलं, बाई, तू तरी— ती बघतेय, पण माझ्याकडे नाही. दाराकडे.

जिन्यावर मावशी. सावकाश. प्रत्येक पायरीचा आवाज अंगात सुरीसारखा—

थांबल्या. दाराशी. हाक मारताहेत—

मला नाही.

"सूनबाई, दार उघड गं."

तिने पदर डोक्यावरून घेतला. निघाली. नको, बाई, नको— कडी मी लावली होती, घट्ट, कडी आता हळूहळू वर—