पालथ्या बाटल्या

नाशिक रोड, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

सगळ्या बाटल्या धुऊन टाकल्या. प्रयोगशाळेच्या शिपायांनी, त्रिंबकमामांनी, स्वतःहून. कुजक्या केळ्याचा वास येत होता म्हणे. मी गेले तर आठही बाटल्या फडक्यावर पालथ्या, चकचकीत. पुण्याहून मांडीवर घेऊन आणलेल्या, केळ्यावर पोसलेल्या माश्या होत्या त्यांत. डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवलेल्या. एक जनुक बिघडलं की अंड्यातच शरीर कसं चुकत जातं, हे पोरांना उद्या दाखवायचं होतं. आता काय, पालथ्या बाटल्या दाखवू? परवा मामांना मीच कौतुकाने सूक्ष्मदर्शकातून माशी दाखवली होती. त्यांना वाटलं, झालं काम.

मी त्यांना नको तेवढं बोलले. वडिलांच्या वयाचा माणूस. मुकाट ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाले, "मॅडम, नातीला सहा बोटं हायेत. सुनेनं ग्रहणात विळी धरली, म्हणून झालं म्हणतात घरात. पण त्या माशीवानीच असंल ना हे? तिचा काय दोष नाय ना?"

मी म्हणाले, "मामा, आत्ता नको."

माश्यांचं काय, पुन्हा आणता येतील. ती सून आजही घरात मुकाट ऐकून घेत असेल, आणि उत्तर माझ्याकडे होतं.