टेपची वायर वेगळी

अम्मा, अब्बांचे खोके आले त्या दिवसापासून सांगते. मी तेव्हा महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. त्या ईदला अब्बा आखातातून येणार होते. तू पडवीला रंग काढून घेतला होतास, त्यांच्यासाठी नवी गादी भरून घेतली होतीस, आणि खाडीतली चांगली मासळी कुणाकडे सांगून ठेवायची याचीही बोलणी करून ठेवली होतीस. मग एका शुक्रवारी फोन आला की लीव्ह मिळाली नाही, पण कार्गोने सामान टाकलंय. ईद झाल्यावर आपल्या दासगावच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून मोठमोठे खोके उतरले. होम थिएटर. आख्ख्या मोहल्ल्यात तोवर कुणाकडे नव्हतं. तू टेम्पोवाल्याला पाणी दिलंस, खोके भिंतीला लावून घेतलेस, त्यांच्यावर फुलाफुलांची चादर घातलीस आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला बसलीस. मी चुलीपाशी येऊन विचारलं, "उघडायचे नाय?" तू मान वर न करता म्हणालीस, "उघडून काय करायचं? मानूस हाय काय आत?"

मला तेव्हा तुझा रागच आला होता. मला वाटायचं, ते एवढं पाठवतात आणि हिला त्याचं काही नाही. आज मी तुझ्या त्या वेळच्या वयाच्या पुढे आले आहे, तर तुझी ती पाठ जास्त दिसते. परातीवर वाकलेली, पीठ मळणारी. अब्बा मी रांगत होते तेव्हा पहिल्यांदा गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, कधी तीन वर्षांनी, महिना-दीड महिना यायचे. तेवढ्यात गादीची खोळ मळायचीसुद्धा नाही. त्यांची बॅग भरताना तू कधी रडलेली मी पाहिली नाही. सुकट, पापड, कोकमं बांधून द्यायचीस आणि म्हणायचीस, "पोचलात की कळवा." बास.

दर शुक्रवारी अब्बा फोनवर विचारत, "लावलं काय?" आणि तू काहीतरी सांगून टाळत होतीस. सगळे खोके तसेच. आल्यागेल्या बायका चादरीवर बसायच्या. शेवटी अब्बांनी फोन माझ्याकडे मागितला. म्हणाले, "तू शिकलेली हायस ना? पुस्तक वाचून लाव. फक्त एक वायर आनावी लागंल, डीव्हीडीपास्नं मोठ्या मशीनपर्यंत. डिजिटल घे. लाल-पांढरी घेऊ नको, तिच्यातनं दोनच स्पीकरचा आवाज येतो. मग मी पाच कशाला पाठवले?" त्यांचा आवाज इतका उत्साहाचा होता की मी फोन ठेवल्यावर तुझ्यासमोर उभीच राहिले. तू हात पुसलेस. म्हणालीस, "चल, उद्या जाऊन येऊ महाडला."

तो दिवस मला पुरता आठवतो. आपण एसटीने निघालो. तू ती जांभळी साडी नेसली होतीस, बाजाराला जातानाची. बसस्टँडवर उतरून चवदार तळ्याच्या बाजूने आपण पेठेत शिरलो, आणि तू नेहमीप्रमाणे आधी मसाल्याच्या दुकानात गेलीस, मग बांगडीवाल्याकडे थांबलीस, मग कुठे त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाची पायरी चढलीस. दुकानदार चांगला होता. आपल्याला पंख्याखाली बसवून त्याने दोन वायरी काचेवर ठेवल्या. एक बारीक, काळी, दोन्ही टोकांना चौकोनी खुंटी. ती त्याने एका मशीनला लावली आणि दुसरं टोक तुझ्यापुढे धरलं. टोकाशी लाल ठिपका पेटला होता. "यातून उजेड जातो, वहिनी. ही फायबर." दुसरी जाड, गोल तोंडाची, टोकांना नारिंगी रंग. "यातून करंट जातो. ही पण डिजिटलच."

"आवाज कुनाचा चांगला?" तू विचारलंस.

"खरं सांगू? कानाला फरक कळायचा नाही. दोन्हीतून तेच जातं. फायबर नवीन आहे, लोक तीच मागतात. पण तिला जपावं लागतं. जोरात दुमडली तर आत तुटते, आणि बाहेरून दिसत पण नाही."

तू ती बारीक वायर हातात घेऊन बघत राहिलीस. मग विचारलंस, "उंदीर?"

"काय?"

"उंदीर कुरतडतील काय? आमचं घर जुनं हाय. आनि रोज केर काढायचा असतो, झाडू लागनार."

दुकानदार हसला नाही. त्याने जाड वायर तुझ्याकडे सरकवली. तू तिचा पीळ काढून हाताने लांबी मोजलीस, कोपरापासून बोटापर्यंत, घरातलं कपाट आणि टेबल डोळ्यांपुढे आणत. थोडी सैल राहील अशी निवडलीस. मला फायबर हवी होती. त्या लाल ठिपक्यावर माझा जीव जडला होता आणि मैत्रिणींना सांगायलाही ते बरं होतं. पण तू ठरवलंस की ठरवलंस.

मग तू पदर सावरून, जरा खालच्या आवाजात त्याला विचारलंस, "आनि टेप? जुना टेप हाय आमच्याकडं. त्याचा आवाज या नव्या मशीनमधून येईल काय?"

"येईल की. पण टेपची वायर वेगळी. टेपमध्ये डिजिटल काही नसतं. त्याला ही लाल-पांढरी लागेल, दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन असलेली."

मी लगेच म्हटलं, "अब्बांनी लाल-पांढरी नको सांगितलंय." दुकानदारासमोर. तू माझ्याकडे बघितलंस. "तुझ्या अब्बांनी सिनेमाचं सांगितलं. टेपचं मी सांगते." आणि त्याला म्हणालीस, "द्या." पायरी उतरल्यावर रस्त्यात तू मला चांगलं फैलावर घेतलंस. चारचौघांत आईला शहाणपण शिकवायचं नाही, आणि बापाचा शब्द एवढा खरा वाटत असेल तर ते कधी येणार ते विचार त्यांना. हे शेवटचं तू पुटपुटलीस. मला ऐकू आलं होतं.

रविवारी मी पुस्तक उघडून बसले आणि दुपारपर्यंत सगळं जोडलं. संध्याकाळी मोहल्ला लोटला. सिनेमात हेलिकॉप्टर आलं तसं ते पुढून निघून आपल्या डोक्यावरून मागे गेलं, आणि बायका वर बघू लागल्या. सगळे माझं कौतुक करत होते, अब्बांचं करत होते. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चहाचे कप मोजून बाहेर देत होतीस. तू बसून सिनेमा बघितलाच नाहीस. मला वाटलं, तुझा राग अजून गेला नाही.

मग आठवड्यातल्या मधल्या एका वारी, घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तू दूध पावडरचा तो पिवळा डबा घेऊन आलीस. त्यात कॅसेटी होत्या. फोन घरात यायच्या आधी, अब्बा कॅसेटवर बोलून पाठवायचे, कुणी गावाकडचं परत येत असलं की त्याच्या हाती. तू ती ऐकायचीस आणि त्याच कॅसेटवर तुझं बोलणं भरून, कुणी निघालं की तिकडे पाठवायचीस. ते पुन्हा त्याच्यावर आपलं भरत. अशी एकच कॅसेट कितीदा समुद्र ओलांडून आली-गेली असेल. अब्बांच्या आवाजाखाली तुझा, तुझ्याखाली पुन्हा त्यांचा, आणि खालचं सगळं पुसलेलं. घरी राहिलेल्या कॅसेटींवर म्हणून अब्बाच होते. "लाव," तू म्हणालीस. मी टेप जोडला, लाल-पांढरी मागे खोचली आणि रिमोटवर तोच आवाज सगळ्या स्पीकरमधून सोडणारं बटण दाबलं.

तू कॉटवर बसली होतीस. मागचा स्पीकर तुझ्या खांद्यापाशीच होता. खरखर झाली आणि अब्बा बोलले, "सलाम आलेकुम. कशी हायस?" तरुण आवाज, जवळचा, थेट तुझ्या मागून. तू गर्रकन दाराकडे वळलीस आणि तुझा हात पदराकडे गेला. डोक्यावर पदर ओढून घेतलास, अम्मा. दारात कुणी नव्हतं. उन्हात कोंबड्या फिरत होत्या. तू पदर तसाच ठेवून ऐकत राहिलीस. अब्बा रूमवर कोण कोण आहे ते सांगत होते, डाळीला घरची चव नाही म्हणत होते, मला चालता येतं का विचारत होते. मग "बरं, ठेवतो" म्हणाले, बटण दाबल्याचा आवाज आला. मी उठले, तेवढ्यात दुसराच आवाज सुरू झाला.

अब्बांचं बोलणं कमी पडलं होतं. त्याच्या पुढे तुझं जुनं तसंच राहिलं होतं, मधूनच सुरू झालेलं. "...आनि ती आता भिंतीला धरून उभी ऱ्हाते. पडते, पन रडत नाय. ऐका, मी कॅसेट भरायची म्हनून बोलत नाय. घर हाय, पोर हाय, खायला हाय. तुमी नाय. मला सामान नको. मी कमी खाईन, पन तुमी या. कधी येनार ते सांगा, नुसतं येतो म्हनू नका..." तू बोलतच होतीस, श्वास न घेता, मध्येच हसत होतीस, मला काहीतरी दटावत होतीस. पाची स्पीकरमधून. मग टेप संपला.

तू मागच्या स्पीकरकडे वळून बघितलंस. मग मला विचारलंस, "ही मी हाय?"

"हो."

"किती बोलायची गो मी."

त्या घरात मी वाढले, पण ती बाई मी पाहिली नव्हती. मला माहीत होती ती "पोचलात की कळवा" म्हणणारी. तू कधी गप्प झालीस, कोणत्या वर्षी विचारायचं सोडलंस, ते तुलाही आठवत नसावं. तू डबा बंद केलास आणि मासळी साफ करायला मागच्या दारी गेलीस. मी तुझ्याकडे आले नाही. यायला हवं होतं की नको, ते अजून कळत नाही.

शुक्रवारी फोन आला. अब्बांनी विचारलं, "कसा येतो आवाज?" मी शेजारी होते, फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "चांगला येतो. तुमचापन ऐकला." मग म्हणालीस, "आता या तुमी." ते म्हणाले, व्हिसा आहे अजून, वर स्लॅब टाकायचाय, पोरीचं लग्न आहे. तू म्हणालीस, "स्लॅब नको. कौलं बरी हायत. पोरीचं होईल." ते म्हणाले, बघतो. तू म्हणालीस, "बघू नका. सांगा." मग अब्बा म्हणाले, "तू कधी बोलली नायस." तू म्हणालीस, "बोलली होती. तुमीच त्याच्यावर भरलंत." आणि तू हसलीस, तशीच, कॅसेटमधल्यासारखी.

ते आले. लगेच नाही, पुढच्या ईदच्याही नंतर, पण बॅगा घेऊन कायमचे आले. सुरुवातीला तुम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखे वागायचात. त्यांना मीठ कुठे असतं ते ठाऊक नव्हतं, तुला त्यांची दुपारची झोप ठाऊक नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मशीनच्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "फायबर का नाय घेतली? तिकडं सगळे तीच घेतात." तू आतून म्हणालीस, "उंदीर." अब्बा जमिनीवर बसून हसले. आपल्या घरात ते हसल्याचं मला आठवतं ते तेव्हापासूनचं. मग रात्री जेवण झालं की ते सिनेमा लावायचे, तू त्यांच्या शेजारी बसायचीस आणि पहिल्या गाण्यालाच झोपायचीस. ते तुला उठवायचे नाहीत. आवाज कमी करायचे, इतका कमी की त्या पाच स्पीकरांचा काही उपयोग राहायचा नाही. थोडीच वर्षं मिळाली तुम्हांला. तुझं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता, पण त्या काळात तुझ्या उशाशी ते होते. तुझं ऐकून ते आले नसते तर तेवढंही झालं नसतं.

तू गेल्यानंतरच्या एका पुरात खाडीचं पाणी घरात शिरलं. माणसं उंचावर जाऊन वाचली, सामान गेलं. मशीन, स्पीकर, वायरी, तो पिवळा डबाही. चिखल काढताना अब्बा प्रत्येक कोपऱ्यात हात घालून बघत होते. मशीन कुजलं त्याचं त्यांना काही नव्हतं. ते डबा शोधत होते. सापडला नाही. आता ते माझ्याकडे पोलादपूरला असतात, मी इथल्या शाळेत शिकवते. संध्याकाळी शाळेतून आले की ते ओट्यावर वाट बघत असतात. हा कागद त्यांच्या हाती लागू नये म्हणून ते नमाजहून परत यायच्या आत मी फाडून टाकीन.

कारण ते मधूनमधून मला विचारतात, "तुला तिचा आवाज आठवतो ना गो?" आणि मी हो म्हणते. तू काय काय बोललीस ते मला शब्दन् शब्द येतं, अम्मा. पण मनात म्हणून बघितलं की ते सगळं माझ्याच आवाजात येतं. तुझा मला आठवत नाही.