खाट क्रमांक

सोमवार, ३ तारीख
रुजू झाले! इस्पितळात मला चक्क स्वतंत्र खोली मिळाली. टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीभर ऊन. कामही मनासारखं: रुग्णांच्या उशाशी बसायचं, उपचारांचा अनुभव त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करायचा, मग शब्दन् शब्द टाइप करायचा. विभागप्रमुख साहेब म्हणाले, आकडे सगळेच गोळा करतात, आम्हाला माणसाचं मन हवंय. प्रत्येकाला मी सांगायचं की तुमचं नाव कुठेही येणार नाही.

गुरुवार, ६
पहिली मुलाखत शिवणकाम करणाऱ्या काकूंची. तोंडाचा पट्टा असा की हसून माझी पुरेवाट! डॉक्टर येतात, आपसांतच बोलतात आणि जातात, असं त्या म्हणाल्या. "माप सगळे घेतात गं, कापडाला कोण विचारतं?" दुखायचं इंजेक्शन मागितलं चारला, मिळालं नऊला. सगळं टाइप करून साहेबांना दिलं.

सोमवार, १०
काकू शून्यात बघत होत्या. म्हणाल्या, सगळं छान आहे. तीनदा विचारलं, तीनदा तेच, त्याच सुरात. सिस्टर म्हणाल्या, साहेबांनी नवी गोळी सुरू केलीय.

शुक्रवार, १४
परवा निवृत्त पोस्टमनकाका जखमेच्या पट्टीवरून तावातावाने बोलले होते. आज तेही, सगळं छान आहे. काकूंचाच सूर. नावं मी दिली नव्हती. पण प्रत्येक पानावर खाट क्रमांक होता. मीच घातलेला.

शनिवार, १५
साहेबांना विचारलं. चिडले नाहीत. तक्रारी किती घटल्या ते कौतुकाने दाखवलं, श्रेय मला दिलं. मी मान डोलावली. नोकरी नवी आहे ना. थू माझ्यावर.

सोमवार, १७
ताई, माझी सख्खी थोरली बहीण, पाय मोडून इथेच दाखल. हात जोडले, कुणी विचारलं तर काही बोलू नकोस. हसली. म्हणाली, मी आणि गप्प?

मंगळवार, १८
तिची मुलाखत मी घेतलीच नाही. साहेबांनी दुसऱ्या मुलीला पाठवलं. मला उशिरा कळलं —

बुधवार
ताईने मला ओळखलं नाही. हात धरून हलवलं. सगळं छान आहे, म्हणाली. त्याच सुरात —

गुरुवार
साहेबांच्या खोलीत ओरडले, सगळ्यांदेखत. म्हणाले, थकलायत, जरा पडा. दोघांनी दंड धरून खाटेवर — दार बाहेरून लावलंय. सिस्टरांच्या ट्रेचा आवाज येतोय. वही गादीखाली सरकवते. जिला कुणाला सापडेल तिने आधी ताईला इथून —