कोपरा फाटलेलं कार्ड

१२ डिसेंबर १९८२, रविवार

गेला एकदाचा! सकाळी सातले राजदूतले किक मारली, चार वेळा खाकरली ती, मग निघाली. मागं वळून पाहिलं नाही. मीही ओसरीतून उठली नाही.

मीच हाकलला म्हणा ना. बाप मेल्यापासून या नातवाले मी वाढवला. त्याची बायको रुखमिणी बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं, त्याले सोळा महिने झाले. तेव्हापासून गोपीचंद सकाळी साकोलीच्या राईस मिलमध्ये जातो, संध्याकाळी येतो, वाढलं ते खातो आणि बसतो. परवा मी म्हटलं, माझ्यासमोर भिंतीसारखा बसू नको. भिंतीले निदान खिळा तरी ठोकता येते. जा कुठंतरी!

तं म्हणे, जगन्नाथपुरीले जातो. एकटाच. धानाची मळणी झालीच आहे.

सोसायटीची डायरी कोरी पडली होती, ती काढली. चौथीपर्यंत शिकली मी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण एकोडीत माझ्याशी भांडायले कोणी उरलं नाही, तं कागदाशी भांडते.

१८ डिसेंबर

नत्थू पोस्टमन कार्ड देऊन गेला. सराईपालीजवळ चेन तुटली. एका सरदारजीनं ट्रक थांबवला, फटफटी वर चढवली, आपल्या ताटात जेवू घातलं. त्याले दोन पोरी आहेत, थोरलीचं जमत नाही म्हणून बिचारा चिंतेत आहे— असं लिहिते.

सोळा महिने या घरात मीठ मागायले तोंड उघडलं नाही. आणि तिकडं सरदाराच्या पोरीच्या लग्नाची काळजी!

२२ डिसेंबर

आणखी एक कार्ड. साठीचे नवरा-बायको सायकलवर पुरीले निघाले आहेत. बायको मागं बसून नवऱ्याच्या डोक्यावर छत्री धरते. हा त्यांच्या मागं मागं आठ कोस हळू गाडी चालवत गेला म्हणे. येडा.

कार्ड दोनदा वाचलं.

२९ डिसेंबर

पुरीचं कार्ड. दोन्हीकडून भरलेलं, पत्त्यालेही जागा उरली नाही.

रस्त्यात एस.टी. बंद पडली होती, लोक झाडाखाली बसले होते. त्यातला एक उठला आणि सरळ गोपीच्या फटफटीवर मागच्या सीटवर येऊन बसला. म्हणे, पुरीले जाऊन राहिला ना, मग थांबला कायले? डोंगरगडच्या अलीकडे एका खेड्यातला आहे. भैय्यालाल नाव. बाजारा-बाजारानं गॅसबत्त्या दुरुस्त करतो. घरी माय एकटी, रंभाबाई. तिचे डोळे गेले, त्यासाठी नवस बोलायले निघाला होता.

आणि पुरीले या दोघांनी जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांले भरवला. महापरसाद झाले! आता हे काही तोंडदेखलं नाही. आपल्याकडंही जुनी माणसं करत होती. महापरसाद म्हणजे भावाहून भाऊ. त्याची माय ती आपली माय, त्याच्या घरचं सुतक ते आपलं सुतक. नाव घ्यायचं नाही, महापरसाद म्हणूनच हाक मारायची. मरेपर्यंत.

चार दिवसांच्या ओळखीत! मी त्याच्या आज्यासोबत चाळीस वर्षं राहिली, तरी एवढी खात्री नव्हती.

६ जानेवारी १९८३

आला. काळा पडला आहे. हातपाय धुतले आणि चुलीपाशी बसून बोलत राहिला. सरदार, छत्रीवाली, समुद्र, आणि महापरसाद. एवढा बोलला की माझा भात खाली लागला.

चांगलं वाटलं. थोडं वाईटही. ही सगळी वाफ बाहेरच्या लोकांनी काढली. मी नाही.

२९ मार्च, धुळवड

भैय्यालाल आला. हडकुळा, दात पुढं, हसणं सुरू झालं की थांबत नाही. पाया पडला आणि दाई म्हणाला, तिकडं मायले दाई म्हणतात. मी म्हटलं, मी तुझी माय नाही, माझ्याजवळ दूधही नाही आणि धीरही नाही. तं म्हणते—

"दाई, मेरेको एक गाली दो. महापरसाद बोला, तुम्ही गाली दिली म्हंजे मी घरचा झालो."

"गाली फुकट नाही भेटत इथं," मी म्हटलं. "पहिले पाय धू, डुकरा."

"मिल गयी!" म्हणे, आणि दोघंही वासरासारखे हसले.

गोपी पाणी आणायले गेला तेव्हा माझ्याजवळ सरकून हळू आवाजात सांगतलं. पुरीले गोपी रुखमिणीच्या बांगड्या घेऊन समुद्राजवळ बसला होता. दिवसभर रडला. संध्याकाळी बांगड्या पाण्यात सोडल्या. मी पाठीवर हात ठेवून बसून होतो, दाई, बाकी काही नाही केलं— म्हणे.

त्या बांगड्या मी वर्षभर पेटीत शोधून राहिली होती. या घरात तो एकदा रडला नाही. काहून? मी काय दगड होती? होती म्हणा.

चार दिवस राहिला. घरातल्या दोन्ही गॅसबत्त्या दुरुस्त करून गेला. जातानी म्हणे, महापरसादच्या लग्नात मी बत्ती धरून पुढं चालीन. मी म्हटलं, त्याले पहिले हो तं म्हणू दे.

२० एप्रिल

हो म्हणाला! करडी गावची सोयरीक. पोरगी ललिता, सातवी पास, घरचं धान, साधी माणसं.

मी वर्षभर सांगून थकली तं कानात गेलं नाही. त्यानं महापरसादले लिहून विचारलं. तिकडून दोन ओळींचं कार्ड आलं, कर म्हणून. आणि यानं जेवता जेवता सांगतलं, आजी, करडीले हो म्हण.

चांगलंच झालं. पण ताट मी अर्ध्यातच उचललं.

६ मे, शुक्रवार

दुपारी बाराले नत्थूनं कार्ड दिलं. गोपी मिलमध्ये. रंभाबाईच्या नावानं शेजाऱ्यानं लिहिलेलं, हिंदीत. भैय्यालालची कावीळ पोटात उतरली आहे. दवाखान्यातून घरी आणला. सारखा महापरसाद महापरसाद करतो. लवकर पाठवा.

परवा रविवारी करडीचे लोक घर पाहायले येऊन राहिले. आज सांगतलं तं हा उभ्या पायी निघते. नवरदेवच घरी नाही म्हटल्यावर पोरीचा बाप काय माझं तोंड पाहून नारळ देईल? एकदा मोडलं की हा पुन्हा हो म्हणत नाही, मी ओळखते त्याले. कावीळ तं काय, अर्ध्या गावाले होते. जडीबुटीनं उतरते. दोनच दिवस. सोमवारी देईन.

कार्ड तांदळाच्या कोठीत ठेवलं.

खरं लिहायचं तं अजून एक होतं मनात. कागदासमोर खोटं कायले बोलू. सारखा महापरसाद, महापरसाद. म्हटलं, दोन दिवस तरी माझा राहू दे.

८ मे, रविवार

आले. पाच जण. धानाच्या बांध्या पाहिल्या, तलावाचं पाणी कुठपर्यंत येते ते विचारलं. पोरीचा बाप म्हणे, घर स्वच्छ आहे. मी म्हटलं, मळवायले कोणी नाही म्हणून. हसला. नारळ दिला. गोपी नवा सदरा घालून बसला होता, कान लाल झाले होते.

ते गेल्यावर म्हणे, आजी, आता महापरसादले लिहितो.

मी म्हटलं, उद्या लिही. उद्या मी पण सांगते तुले एक.

९ मे, सोमवार

कोपरा फाटलेलं कार्ड आलं.

नत्थूनं अंगणातच हात लांब करून दिलं. कोणाचं म्हणे. मी म्हटलं, माझ्या माहेरचा म्हातारा होता, पिकलं पान. एवढं सरळ खोटं निघालं तोंडातून! असं कार्ड घरात आणत नाहीत, मयताची बातमी बाहेरच वाचून फाडून टाकतात. मी फाडलं नाही. फाडलं तं त्याले काय दाखवू?

भैय्यालाल गेला. शुक्रवारी, दिवाबत्तीच्या वेळेले. शेजाऱ्यानं लिहिलं आहे, शेवटचे दोन दिवस रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उठून बसत होता.

शुक्रवारी. कार्ड माझ्या हाती आलं तेव्हा बारा वाजले होते. गोपीले मिलमधून बोलावला असता तं एक. फटफटीनं तीन तास, धरा चार. पाचले पोचला असता.

दहादा हिशोब केला. पाचच येतात.

१० मे

सांगतलं नाही.

११ मे

आजही नाही. सकाळी अंघोळ करतानी शीळ घालत होता. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. तोंड उघडलं मी, आणि म्हटलं, पाणी गार झालं असंन, अजून देऊ का.

१२ मे

संध्याकाळी दिव्याजवळ बसून कार्ड लिहिलं त्यानं. मग मले वाचून दाखवलं, मोठ्यानं.

"महापरसाद, नारळ घेतला. घर पाहून लोक खुश झाले. आजीनं त्यायलेही टोमणा मारला. तारीख तू सांगशील ती. तू बत्ती धरल्याशिवाय मी मांडवात पाय ठेवत नाही."

कसं आहे म्हणे. मी म्हटलं, चांगलं आहे.

तं माझ्याच हातात दिलं. उद्या नत्थूजवळ दे म्हणे. आता कोठीत तीन कार्डं आहेत. तिसरं मेलेल्या माणसाले लिहिलेलं.

१४ मे, शनिवार

उद्या दहावा. महापरसाद म्हणजे भाऊ. भावानं डोकं भादरायचं असते, घाटावर उभं राहायचं असते. शेवटची भेट मी खाल्ली. हेही खाल्लं तं मग माझ्यात आणि चोरात फरक काय?

मिलमधून आला, हात धुतले, खाटेवर बसला. मी ती दोन कार्डं त्याच्याजवळ ठेवली. फाटलेलं वर होतं, ते पहिले वाचलं. मग दुसरं. मग दारात जाऊन उजेडात धरलं आणि पोस्टाचा शिक्का पाहिला. एकोडीचा शिक्का, सहा तारीख.

"शुक्रवारी आलं होतं?"

"हो," मी म्हटलं.

"अन् तू ठेवलं."

"करडीचे लोक येणार होते. दोन दिवसांनी—"

"बस, आजी."

ओरडला नाही. ओरडला असता तं मीही ओरडली असती, सवय आहे आम्हाले. तसाच उठला. भात वाढलेला होता. अंगावरच्या कपड्यानिशी गेला. फटफटी पहिल्या किकेत सुरू झाली.

१८ मे

आला. डोक्यावर केस नाहीत. मिशाही नाहीत. लहान पोरासारखा दिसतो.

वाढलं ते जेवला. ताट धुऊन ठेवलं.

१९ मे

बोलत नाही. मी ओळखते त्याचं गप्प बसणं, सोळा महिने पाहिलं आहे. पण हे ते नाही. तेव्हा कोणाशीच बोलत नव्हता. आता शेजारच्या गिरजाबाईशी बोलतो, नत्थूशी बोलतो, बैलाशी बोलतो. माझ्याशीच नाही.

२१ मे

आज स्वतः करडीले गेला आणि नारळ वापस करून आला. गिरजाबाईनं सांगतलं मले, त्यानं नाही. त्यायले म्हणाला, घरात भाऊ गेला, वर्षभर माझ्या अंगाले हळद लागत नाही. थांबायचं असंन तं थांबा. पोरीचा बाप म्हणे, भाऊ कुठून आणला, तुम्ही तं एकुलते सांगतलं होतं. हा म्हणाला, पुरीहून. ते थांबत नाहीत.

ज्या नारळासाठी दोन दिवस चोरले, तो नारळही गेला. माझी बुद्धी पाहा! साठ वर्षं गावभर मिरवली.

गिरजाबाई समजवायले आली. तुमच्या मनात वाईट नव्हतं म्हणे. मी तिले उठवून लावलं. मनाले काय चाटायचं आहे? तो तिकडं आवाज आला की उठून बसत होता.

२४ मे

त्याच्यासाठी वांग्याची भाजी केली, भरपूर तेल सोडून. खाल्ली. ताट धुऊन ठेवलं.

२५ मे

आज मी पाणी भरतानी पडली. हा धावत आला, उचललं, खाटेवर बसवलं, गुडघ्याले हळद लावली. सगळं केलं. मी म्हटलं, एक गाली तरी दे रे मले. माझ्याकडं पाहिलं. मग पितळी गुंड उचलून पाणी आणायले गेला.

२७ मे, शुक्रवार

आज बोलला.

"रंभाबाईले दिसत नाही. पेज गाळतानी हात भाजते तिचा. महापरसादची माय ती माझी माय. मी तिकडं राहिलो तं इथं धान कोण रोवते? तू चाल. तिथंच राह्यजो."

मी विचारलं, किती दिवस.

"ती आहे तोवर."

मग विचारलं, कार्डाचं तिले ठाऊक आहे का.

"नाही," म्हणे. "ते तू सांगशील."

लुगडी दोन घेतली, पातेलं एक घेतलं. तो बाहेर फटफटीवर बसून वाट पाहून राहिला.