मिरचीच्या खोलीतली चौकशी

तीर्थस्वरूप अप्पासाहेबमामांना,
शलाकाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

मामा, एकवीस वर्षांपूर्वी, माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला टेबलापुढे उभं करून एकच वाक्य सांगितलं होतं: "चौकशी खुर्चीत बसून करायची नाही, जिथे घडलं तिथे जाऊन करायची." मी ते डायरीत लिहून घेतलं आणि पुढची एकवीस वर्षं खुर्चीतच बसून चौकशा केल्या. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा ते पाळलं. त्याचं काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी तुमचे गुडघे कसे आहेत? मामी फोनवर सांगत होत्या की डॉक्टरांनी दिलेलं तेल तुम्ही लावत नाही, नुसतं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून त्यातल्या चुका काढता. तसं करू नका. उज्जैनला थंडी इंदूरपेक्षा जास्त असते. इकडे स्नेहलतागंजात सगळं ठीक. पूर्वाची परीक्षा संपली, ती आता दिवसभर घरी असते आणि मी काहीही विचारलं की "मम्मी, टेन्शन मत लो ना" म्हणते. (हे मराठी घर आहे, असं मी रोज एकदा सांगते. ती "ओके, सॉरी" म्हणते.)

तर कारखान्याचं. तुम्ही निवृत्त झाल्यावर आपल्या शेव-नमकीनच्या कारखान्यात आता पाट्या बदलल्या आहेत. तुमच्या पर्सोनेल खात्याचं एच.आर. झालं, तिथे आता मी, काम तेच. बावीस तारखेला युनियनची निवडणूक आहे. पॅकिंगमधून जो निवडून येतो तो अध्यक्ष होतो, आणि ती जागा सव्वीस वर्षं गजाननजींकडे आहे, हे तुम्हाला मी काय सांगायचं. (माणूस वाईट नाही. साखरपुडा असो की मयत, सगळ्यांच्या आधी पोचतो. पण मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्येही तो सगळ्यांच्या आधी पोचतो.) यंदा त्यांच्याविरुद्ध बेबीने फॉर्म भरला. बेबी पॅकिंगला चौदा वर्षं आहे, हाताने पाकीट उचलून पाच ग्रॅम कमी आहे हे सांगते, आणि तोंडाने काय सांगते ते मी इथे लिहीत नाही. तिने सोमवारी फॉर्म भरला. गुरुवारी तिला बदलीचं पत्र मिळालं: पॅकिंगमधून मिरची दळायच्या खोलीत. आता नियम असा की ज्या खात्यातून उभं राहायचं त्याच खात्यात काम पाहिजे. खातं बदललं की फॉर्म रद्द. म्हणजे या शनिवारपर्यंत बदली मागे घेतली नाही तर बेबीचं नाव यादीतून जाणार आणि गजाननजी बिनविरोध. बेबीने तक्रार दिली की ही बदली नाही, फॉर्म भरल्याचा सूड आहे. चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. (यशवर्धनजींचा, म्हणजे आताच्या मॅनेजरसाहेबांचा, असा समज आहे की मी आवाज चढवत नाही म्हणजे मला मत नाही.)

ते पत्र मात्र वाचण्यासारखं होतं. हिंदीत, आपल्या नेहमीच्या नमुन्यातलं: कार्य की सुविधा हेतु, आपके अनुभव के व्यापक लाभ हेतु, वगैरे. आणि शेवटी, "आप पुरुष हैं, अतः बोरी उठाने में आपको असुविधा नहीं होगी." बेबी ते घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "मॅडमजी, मी घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, वो सब ठीक है, अब खाना कौन बनाएगा?"

मी तुमचं वाक्य आठवलं आणि चौकशी मिरचीच्या खोलीतच ठेवली. एक टेबल, चार खुर्च्या: मी, यशवर्धनजी, गजाननजी आणि बेबी. चक्की बंद करायला सांगितली होती, ती बंदही होती. पण सकाळी दळलेल्या मिरचीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला गजाननजींचे डोळे भरून आले. पाचव्या मिनिटाला यशवर्धनजी रुमालात तोंड घालून म्हणत होते, "शलाकाजी, कसम से, मेरे मन में बेबीजी के लिए कुछ नहीं था, रूटीन रोटेशन है," आणि त्यांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. मी लिहून घेत होते, पण कागदावर माझेच थेंब पडत होते. एकटी बेबी कोरडी होती. चार दिवसांत सवय झाली म्हणाली. (मामा, हे वाक्य ऐकून मला जे झालं ते मिरचीमुळे नव्हतं.) दारावरच्या काचेतून पॅकिंगचं अर्धं खातं बघत होतं. आवाज बाहेर जात नव्हता, दृश्य जात होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर झालं की साहेबांनी हात जोडून, रडून बेबीची माफी मागितली आणि गजाननभिया पण फूट-फूटके रोये. संध्याकाळी मी सियागंजात हळद घ्यायला गेले तर दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, आपने तो रुला दिया."

अफवा खोटी होती, पण तिने काम खरं केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आणखी तिघं उभे. प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला जुना कागद. प्रत्येकजण कधी ना कधी गजाननजींविरुद्ध उभा राहिला होता आणि आठवड्याच्या आत मिरचीत गेला होता. त्यातला मुकुल, आता पन्नाशीचा, कागद उलगडत म्हणाला, "मॅडम, मेरा वाला भी देख लो. साइन तो आपकी ही है."

माझीच होती. चौदा सालची. तेव्हा मी सहीसाठी आलेला गठ्ठा चहा पिता पिता संपवायचे. त्या पत्रातही तेच वाक्य होतं, आप पुरुष हैं. मुकुल पुरुष आहे, म्हणून मला काही खटकलं नाही. अकरा वर्षं तो माणूस जिन्यात मला नमस्कार करत होता आणि मी वाटेत त्याच्या खोकल्याची चौकशी करत होते, काय घेतोस, आल्याचा रस घे. मामा, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण सकाळी डोकं अगदी स्वच्छ होतं. मी अहवाल लिहायला घेतला आणि पहिल्याच पानावर माझी सही माझी आहे असं लिहिलं. लिहिल्यावर भूक लागली. पोहे खाल्ले, दोनदा.

मग या नमुन्याचं मूळ शोधायला जुन्या फाइली काढल्या. सहा सालचं पत्र, नव्व्याण्णव सालचं पत्र, आणि नव्व्याण्णवच्या खाली टाचणीने लावलेला हाताने लिहिलेला कच्चा मसुदा. मिरचीत गेलेल्या पहिल्या माणसाच्या, दौलतरावांच्या बदलीचा. कारण लिहायच्या जागी तीन ओळी खोडल्या आहेत. पहिल्या खोडलेल्या ओळीत "चुनाव में खड़े होने के कारण" हे स्पष्ट वाचता येतं. चौथ्या वेळी लिहिलंय "कार्य की सुविधा हेतु." सगळ्या मसुद्यात अक्षर मोत्यासारखं आहे, फक्त त्या चार ओळींत थरथरलेलं. दर दिवाळीला फराळाचा पहिला डबा दौलतरावांच्याच घरी का, असं मामी विचारायच्या आणि तुम्ही पेपर वाचत राहायचात. मी लहान नव्हते तेव्हा, पण विचारलं नाही.

अहवाल शुक्रवारी दुपारी मालकांकडे जातोय. बदली सुडाची आहे, बेबीला पॅकिंगमध्ये परत घ्यावं आणि फॉर्म कायम ठेवावा, असं मी स्वच्छ लिहिलंय. यशवर्धनजींनी काल समजावून पाहिलं, "शलाकाजी, इतना दिल पे मत लो." मी म्हटलं, दिल पे नहीं, कागज़ पे लिया है. मालक ऐकतील असं मला वाटतं, कारण पाच निवडणुका, पाच उमेदवार आणि एकच खोली याला रोटेशन म्हणायला त्यांनाही लाज वाटेल. मामींना नमस्कार. हे पत्र घेऊन अभिराम उज्जैनला येतोय, त्याच्याबरोबर तुमच्यासाठी बिनमिरचीची शेव पाठवतेय, त्याने वाटेत खाल्ली नाही तर पोचेल.

तुमची,
शलाका

ता.क. शेव मामींनाही द्या.

ता.क. दुसरा. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, तो मसुदा कुणाच्या अक्षरात आहे हे सिद्ध नाही, म्हणून तो धरता येत नाही. तुमची सव्वीस पत्रं माझ्या कपाटात आहेत, वाढदिवसाची, पास झाल्याची, बाबा गेले तेव्हाचं मोठं. एक दाखवलं की काम झालं. मी दाखवणार नाही. ती तुम्ही भाचीला लिहिली होती.

ता.क. तिसरा, आणि खरं पत्र इथूनच सुरू होतं. "हे अक्षर माझं आहे" एवढी एक ओळ लिहून, खाली सही करून अभिरामकडे द्या. शुक्रवारी सकाळी सहाला तो इंदूरला निघतो. तुम्ही नाही म्हणणार आहात, फोनवर, आणि मग गुडघ्यांचा विषय काढणार आहात. तरी मागते. आणि नाहीच म्हणायचं असेल तर तेही कागदावर, तुमच्या हाताने लिहून पाठवा. ते पत्र मात्र भाचीला नसेल, चौकशी अधिकाऱ्याला असेल, आणि मी ते फाइलला लावीन.