धाकट्याचं नाव जाबदारांत

७ जाने.
बारामतीहून आलो. अपील फेटाळलं नाही, एवढंच. जज्जसाहेबांनी विचारलं, "वकील?" म्हटलं, मीच. कागद चाळून म्हणाले, ज्याच्या नादारीत घर धरलंय त्या भावाचंच नाव जाबदारांत नाही. दुरुस्ती करा, नाहीतर अपील जाईल.
बँक आणि लिलावासाठी कोर्टानं नेमलेला रिसीव्हर, दोघांनाच जाबदार केलं होतं. शंकरला मुद्दाम गाळला. पाठच्या भावावर कोर्ट करायचं? आमच्यात कुणी केलेलं नाही. जेवण गेलं नाही.

१० जाने.
दुरुस्तीत काय लिहायचं ते आधी इथं मांडून बघतो.
वडील गेल्यावर गावातल्या जाणत्यांसमोर वाटणी झाली. तोंडीच. पूर्वेच्या खोल्या माझ्या, बाकीच्या शंकरच्या. ग्रामपंचायतीत तो जायचा, म्हणून उताऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव. त्याचा मंडपाचा धंदा बुडाला, बँकेचं कर्ज थकलं. नादारीच्या अर्जात त्यानं सगळं घर आपलं दाखवलं. इंदापूर कोर्टानं तेच धरलं. आता माझ्या खोल्याही लिलावात.
एवढंच आहे. पण हे कायद्याच्या भाषेत कसं...
सरू म्हणाली, "अवं, जेवा आधी. घर काय आजच उचलून न्हेत्यात?"

१६ जाने.
इंदापूर. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला कच्चा कागद दिला. वाचून मोठ्यानं हसला. "आबा, जाबदार नंबर तीन चिरंजीव शंकर? लग्नपत्रिका छापताय व्हय?" बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. धाकट्याचं नाव आजवर तसंच लिहीत आलो. खोडायला हात होईना. त्यानंच खोडलं.

२१ जाने.
शंकरला सांगितलं. बाहेरून कळण्यापेक्षा बरं.
"लिवा की तात्या. माझं नाव कुठं कुठं लागलंय, त्यात आणिक एक."
म्हटलं, कोर्टात वाटणीचं खरं सांगशील ना?
चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "अर्जात शपथेवर लिवलंय, समदं घर माझं. आता तुमचं म्हणलो तर खोटा मी. मला आत घालतील."
"मग तसं लिवलंस कशाला?"
"उताऱ्यावर हाय तेच लिवलं. लपवलं म्हणतील, ह्ये भ्या."
त्याची बायको सुमन आतून ऐकत होती. दार ओढून घेतलं तिनं.

२८ जाने.
दुरुस्ती मंजूर. शंकरला नोटीस काढली. साहेब म्हणाले, भावाचं म्हणणं येऊ द्या, मग बघू. सगळं त्याच्या जबानीवर आलं. तो खरं बोलला तर तो अडकतो. नाही बोलला तर मी आणि सरू, दोघं म्हातारी कुठं...
सरूला अर्धंच सांगितलं.

५ फेब्रु.
नोटीस घेऊन कोर्टाचा बेलीफ आला. अंगण एकच, त्यानं मलाच विचारलं, "शंकररावांचं दार कुठलं?" हात करून दाखवलं. शंकर पायरीवरच होता. चष्मा न लावता सही केली. बेलीफाला पाणी दिलं. तो गेल्यावर नोटीस घडी करत माझ्याकडं बघून म्हणाला,
"तात्या, तारखेला एकाच यष्टीनं जायचं, का येगळं?"
तिथं काय सांगणार, ते विचारायचं होतं. जमलं नाही.
म्हटलं, बघू.